पुण्यात खोली घेण्याआधी

ताई, माझा शौर्य (नाव बदललं आहे) २ वर्षं १० महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा असताना ‘आई’, ‘बाबा’, ‘काऊ’ म्हणायचा, नंतर ते सगळं बंद झालं. हाक मारली तर बघत नाही, पण दुसऱ्या खोलीत टीव्हीवर जाहिरात लागली की पळत येतो. तासन्‌तास वाटी फिरवत बसतो. काही हवं असलं की माझं मनगट धरून तिथपर्यंत ओढत नेतो. कुकरची शिट्टी झाली की कान झाकून किंचाळतो. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ऑटिझम असल्याचं सांगितलं. आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मिस्टर साखर कारखान्यात. पुण्यातलं एक थेरपी सेंटर म्हणतं, रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस, महिना ३८ हजार. तिथल्या मॅडम म्हणाल्या, तीन वर्षांच्या आत सुरू केलं नाही तर खिडकी बंद होते, मग काही उपयोग नाही. घरात फक्त इंग्रजी बोला असंही सांगितलंय. सासूबाई म्हणतात, याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता, उगाच डॉक्टरांच्या नादी लागू नका. ओळखीतले एकजण स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशींच्या उपचारांचं सांगतायत, खर्च चार लाख. मी राजीनामा देऊन शौर्यला घेऊन पुण्यात खोली करून राहू का? जेवण भरवताना मी त्याला मोबाइल द्यायचे. त्यामुळेच झालं का हे?

– एक आई, जि. सातारा

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीत लिहिते. राजीनामा देऊ नकोस. पुण्यात खोलीही घेऊ नकोस, निदान आत्ता तरी नको. का ते सांगतेच, पण तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो मनातून गेल्याशिवाय बाकीचं काही तुझ्या डोक्यात शिरायचं नाही.

मोबाइलमुळे ऑटिझम झालेला नाही. ऑटिझम म्हणजे मेंदूची जडणघडणच वेगळ्या तऱ्हेने होणं. त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो आणि त्याची सुरुवात मूल पोटात असतानाच झालेली असते. दीड वर्षाच्या सुमाराला आलेले शब्द गळून जाणं काही मुलांमध्ये दिसतं. तेव्हा घरात काय चाललं होतं, याचा त्याच्याशी संबंध नसतो. लिओ कॅनर या डॉक्टरने १९४३ मध्ये अशा मुलांबद्दल पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं अमेरिकेतले भलेभले तज्ज्ञ आईच्या कोरडेपणाला दोष देत राहिले. शेवटी १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने हे मत खोडून काढलं. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता, आपल्या बायकोला तो रोज डोळ्यांसमोर बघत होता. म्हणून सांगते, आईला बोल लावणं फार जुनं आहे आणि ते तेव्हाही चूकच होतं.

तरीही मोबाइल बंद कर. मोबाइल काही मागत नाही, थांबत नाही, उत्तराची वाट बघत नाही. शौर्यला नेमकं हेच देवाणघेवाणीचं अवघड जातं, म्हणून त्याच्या वाट्याची ती वेळ स्क्रीनला देऊन चालणार नाही. पहिले चार-पाच दिवस तो जेवताना आकांत करेल. घरातल्या सगळ्यांनी आधी ठरवून घ्या आणि मगच सुरू करा, कारण एकाने काढून घ्यायचा आणि दुसऱ्याने कळवळून हातात द्यायचा असं झालं तर रडणं वाढतं.

आता पुण्याचं. माझा मुलगा आज २६ वर्षांचा आहे. २००३ मध्ये तो ४ वर्षांचा असताना मी मिरजेतलं घर सोडलं आणि त्याला घेऊन डोंबिवलीत एका नातेवाइकांकडे राहायला गेले. मुलगी ७ वर्षांची, तिला तिच्या बाबांजवळ आणि आजीजवळ ठेवलं. रोज लोकलने सेंटर गाठायचं. गर्दीत तो ओरडायचा, लोक बघायचे. सेंटरमध्ये मुलं आत आणि आया बाहेर जिन्यावर. दार बंद. दोन तासांनी दार उघडलं की एका वाक्यात सांगायचे, ‘आज छान बसला.’ आठ महिन्यांनी तो कार्डं बघून ‘रेड’, ‘ब्लू’, ‘सर्कल’ म्हणायला लागला. मी हरखून गेले होते. दिवाळीला मिरजेला आलो, तर हा माठापाशी उभा राहून रडतोय. तहान लागलीय हे सांगायचं कसं, ते त्याला येत नव्हतं. कार्डावरचा गोल ओळखणाऱ्या माझ्या मुलाला पाणी मागता येत नव्हतं, आणि बंद दाराआड काय चालतं ते मला ठाऊक नसल्यामुळे मलाही काही करता येत नव्हतं. त्याच दिवशी मुलीला जवळ घ्यायला गेले, तर ती आजीच्या पदराआड सरकली. पुढच्या मे महिन्यात मी परत आले.

त्या सेंटरमधल्या बायका मनाने वाईट नव्हत्या, त्यांना जे शिकवलं गेलं होतं ते त्या करत होत्या. पण एक गोष्ट मी तेव्हाच शिकले आणि नंतर विशेष शिक्षणाचा कोर्स करून गेली १८ वर्षं इतर मुलांबरोबर काम करताना पुन्हा पुन्हा बघितली. ही मुलं एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपसूक नेत नाहीत. टेबलावर शिकलेलं टेबलावरच राहतं. म्हणून पाणी मागायला माठापाशीच शिकवावं लागतं, तहान लागलेली असताना, आणि जो पाणी देणार आहे त्याच्याकडून.

तू शिक्षिका आहेस ना, मग हिशोब करू. शौर्य दिवसाचे साधारण १२ तास जागा असेल, म्हणजे आठवड्याचे ८४. सेंटरचे २४ वजा केले तर ६० उरतात. ते ६० तास पुण्यात कसे जातील? अनोळखी खोलीत, एकट्या दमलेल्या आईबरोबर, आज्जी नाही, बाबा नाही, अंगण नाही. कराडजवळ तेच ६० तास चार माणसांच्या घरात आहेत. मला ते ६० तास २४ पेक्षा जास्त मोलाचे वाटतात. पुण्याची गरज तुला आहे, पण शिकायला. शौर्यला तिथे ठेवायला नाही.

आपल्या शेजारी गोव्यात यावर काम झालेलं आहे. तिथली संगाथ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे लोक यांनी मिळून २ ते ९ वर्षांच्या ६५ ऑटिस्टिक मुलांवर एक चाचणी केली. ती २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त छापून आली. मूळ पद्धत इंग्लंडमधली. तिथे ती स्पीच थेरपिस्ट वापरत, इथे साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवली. कार्यकर्ती आई-मुलाच्या खेळाचा व्हिडिओ काढायची आणि मग आईबरोबर बसून तो बघायची: इथे त्याने तुमच्याकडे बघितलं, इथे तुम्ही थांबलात, इथे जरा घाई झाली. बस्स, एवढंच. ज्या घरांत हे झालं तिथे आया मुलाच्या कलाने घ्यायला शिकल्या आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. सगळ्याच गोष्टी सुधारल्या असं नाही, आणि ऑटिझम गेला असं तर कुणीच म्हटलं नाही. पण जे झालं ते खेड्यापाड्यात, घरच्या घरी होऊ शकणारं आहे, म्हणून मी ते तुझ्यासारख्या प्रत्येक आईला सांगते.

आता ते करायचं कसं, ते वाटीवरून सांगते. शौर्य फरशीवर वाटी फिरवत बसतो, तेव्हा आपण काय करतो? वाटी काढून घेतो आणि समोर ठोकळे ठेवतो. ‘हे बघ, हे काय? हा कुठला रंग? बोल, ला…ल!’ तू शिक्षिका आहेस, तुझ्या जिभेवर प्रश्न बसलेले असणार. प्रश्न बंद. त्याच्यासमोर खाली बस, डोळ्यांच्या रेषेत. दुसरी वाटी घे आणि तूही फिरव. तुझी वाटी घरंगळत थांबली की म्हण, ‘थांबली.’ एवढाच एक शब्द. मग काहीही करू नकोस. मनात सावकाश दहा आकडे मोज. हे दहा आकडे सगळ्यांत कठीण असतात, तिसऱ्या आकड्यालाच आपल्याला बोलावंसं वाटतं. सातव्या-आठव्याला तो तुझ्या वाटीकडे बघेल, किंवा ती तुझ्याकडे ढकलेल, किंवा तुझा हात धरून वाटीवर ठेवेल. हेच त्याचं बोलणं. लगेच फिरव. ‘फिरव!’ असं हसून म्हण आणि पुन्हा थांब. पहिल्या दिवशी हे होणार नाही, चौथ्या दिवशीही कदाचित नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला तीन आठवडे लागले होते. एकविसाव्या दिवशी त्याने वाटी आईच्या मांडीवर आणून ठेवली, तेव्हा ती बाई माझ्यासमोर ढसाढसा रडली.

मनगट ओढतो ना, ते अजिबात तोडू नकोस. ‘तोंडाने सांग, मगच देईन’ असं म्हणून रडवू तर नकोच. तो ज्या वस्तूपाशी नेईल तिथे एक क्षण थांब, वस्तू तुझ्या चेहऱ्याजवळ धर, तिचं नाव एकदा घे आणि दे. पोहे वाटीभर एकदम समोर ठेवण्याऐवजी दोन-दोन चमचे दे, म्हणजे एका नाश्त्यात मागायच्या आठ संधी मिळतात. अंघोळीला तांब्या भर आणि डोक्यावर धरून थांब. त्याने वर बघितलं की ‘पाणी!’ आणि ओत. यासाठी वेगळा वेळ काढायचा नाही, जे आपण रोज करतोच त्याच्यात मध्ये थांबायचं.

सासूबाईंशी भांडू नकोस. त्या म्हणतात ते कदाचित खरंही असेल, काही मुलं खरोखरच उशिरा बोलतात. पण उशिरा बोलणारं मूल बोटाने दाखवतं, हाकेला बघतं, आईच्या चेहऱ्यावर आनंद शोधतं. शौर्यचा प्रश्न नुसता बोलण्याचा नाही. हे वाद घालून पटणार नाही, त्यापेक्षा त्यांना काम दे. त्यांना तळहातावर मोर बसवायचा खेळ येत असणार. तळव्यावर बोट टेकवायचं, मोराला चारा घालायचा, पाणी पाजायचं, आणि हात वर नेत भुर्रकन उडवायचा. कुठल्याही महागड्या थेरपीत याहून चांगला खेळ मी बघितलेला नाही: ठरलेला क्रम, स्पर्श, ताल, आणि शेवटी उत्सुकता. त्यांना एवढंच सांग, ‘आई, भुर्र म्हणायच्या आधी थांबा. तो तुमच्याकडे बघेपर्यंत उडवू नका.’ नातवाने पहिल्यांदा वर बघितलं ना, की डॉक्टर खरे की खोटे हा वाद त्या घरात पुन्हा निघणार नाही.

आणि हा खेळ इंग्रजीत कसा खेळणार? घरात फक्त इंग्रजी बोला हा सल्ला मला अतिशय राग आणणारा आहे. दोन भाषा ऐकल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्या भाषेत आज्जी लाड करते, बाबा हाक मारतात, शेजारची मुलं खेळतात, ती काढून घेतली तर त्याच्याशी बोलणारी माणसंच कमी होतात. आई तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचार करून बोलायला लागली की तिचा सूर कोरडा होतो, हे मी कितीदा बघितलंय. मराठीच बोल, तुमच्याकडची ठसक्याची सातारी मराठी बोल. शब्द यायला वेळ लागला तर चित्रं वापर. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ नावाचं मोफत ॲप आहे, त्यात मराठीही आहे. नाहीतर पाणी, पोळी, बाहेर, अंघोळ यांचे मोबाइलवर फोटो काढून छापून घे आणि फ्रिजवर लाव. चित्रं वापरली की मूल बोलायचं थांबतं ही समजूत खोटी आहे, उलट मागता येऊ लागलं की चिडचिड कमी होते.

कुकरचं थोडक्यात सांगते. त्याचे कान तो आवाज आपल्यापेक्षा जास्त घेतात, तो नाटक करत नाही. कुकर लावताना त्याला दाखव, ‘आता शिट्टी’ म्हण आणि कुणीतरी त्याला अंगणात घेऊन जा. काही आठवड्यांनी दारापर्यंत या. जबरदस्तीने ऐकवून सवय लावायला जाऊ नकोस.

बाहेरची मदत कशी घ्यायची, ते आता. तू पत्रात कानाच्या तपासणीबद्दल काही लिहिलेलं नाहीस. जाहिरात ऐकून पळत येतो म्हणजे ऐकू येतं असा आपण अंदाज करतो, पण बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी तपासणी झालीच पाहिजे, ती आधी करून घे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लहान मुलांच्या लवकर निदानासाठी आणि उपचारांसाठी डीईआयसी ही केंद्रं असतात, सहा वर्षांखालच्या मुलांची तपासणी अंगणवाडीतही होते. साताऱ्याच्या सिव्हिलमध्ये जाऊन चौकशी कर. दिव्यांग प्रमाणपत्रासाठीही सरकारी रुग्णालयातच जायचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे. प्रमाणपत्र घ्यायला घरचे कचरतील, ‘पोरावर शिक्का बसेल’ म्हणतील. पण त्याच कागदावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र मिळतं, आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना मिळते, तिच्यात वर्षाला १ लाखापर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीचा खर्चही धरतात. तुझ्या नोकरीतही उपयोग आहे. १८० दिवसांची बालसंगोपन रजा तुला आहेच, शिवाय दिव्यांग अपत्यासाठी विशेष रजेचीही तरतूद आहे, गटशिक्षण कार्यालयात जाऊन शासन निर्णयाची प्रत माग. म्हणून म्हटलं, राजीनामा नको. ही वाट वीस वर्षांची आहे आणि तुझ्या घराला तुझ्या पगाराची, तुलाही त्या शाळेची गरज लागणार आहे.

पुण्याला महिन्यातून दोनदा जा, एक दिवसात जाऊन येण्यासारखं अंतर आहे. पण माणूस बघून निवड. थेरपिस्टला पहिला प्रश्न विचार, ‘मी आत बसू शकते का?’ नाही म्हणाले तर दुसरीकडे जा, मग बोर्डावर कितीही डिग्र्या असोत. दुसरा, ‘तुमचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक काय?’ आणि तिसरा, ‘पुढच्या पंधरा दिवसांत मी घरी काय करू, ते करून दाखवाल का?’ चांगली थेरपिस्ट या तिसऱ्या प्रश्नाने खूश होते.

खिडकीची भीती घातली गेली, त्याबद्दल एवढंच: लहान वयात मेंदू जास्त लवचीक असतो, म्हणून लवकर सुरुवात करायची, हे अगदी खरं. पण तिसऱ्या वाढदिवसाला कुठलंही शटर पडत नाही. माझा मुलगा सहाव्या वर्षी पहिल्यांदा आपणहून ‘पाणी’ म्हणाला. वाक्यं नवव्या वर्षी आली. आज तो छोट्या वाक्यांत बोलतो, एका कार्यशाळेत कागदी फाइली बनवतो, एकटा रिक्षाने जाऊ शकत नाही, आणि रात्री सगळ्यांच्या चपला ओळीने लावल्याशिवाय झोपत नाही. शौर्य कुठवर जाईल ते आज कुणीच सांगू शकत नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यापासून लांब राहा.

स्टेम सेल म्हणूनच नको. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते उपचार ठरावीक रक्ताच्या आजारांपुरते मान्य आहेत, बाकी सगळं फक्त रीतसर संशोधनात. ऑटिझमसाठी त्याची शिफारस नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या समितीनेही डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं. मिस्टरांना दाखव हे. ते चार लाख वाचवलेत तर पुण्याच्या कित्येक वर्षांच्या फेऱ्या होतील. त्यांच्यासाठीही एक काम आहे: गळीत हंगामात पाळ्या असतात हे मला माहीत आहे, तरी अंघोळीचा तांब्या रोज त्यांच्याकडे द्यायचा. बाप अंघोळ घालतो तेव्हा मुलं जास्त हसतात.

शेवटी, एक शंभर पानी वही घे. रोज रात्री एकच आकडा लिहायचा: आज शौर्य आपणहून किती वेळा माझ्याकडे आला, बघितलं, काही आणून दिलं किंवा ओढून नेलं. मनगट ओढलेलंही धर. पहिले काही दिवस तीन, चार, दोन असेच आकडे येतील. महिन्यातून एकदा वाटीच्या खेळाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढ, सासूबाईंना काढायला लाव. पुण्याला जाताना वही आणि व्हिडिओ दोन्ही बरोबर ने. आणि तीन महिन्यांनी पहिल्या आठवड्याचे आणि शेवटच्या आठवड्याचे आकडे मला कळव, पुढचं काय ते त्यावरून आपण ठरवू.